उकळलेलं पाणी

आधी शेजारच्या काकीचं सांगते, मग बाकीचं. माझी पोरगी आज विहिरीचं पाणी पिते, ते काकीमुळं. मारेगावकडच्या आमच्या गावात ही विहीर नाल्यापलीकडल्या वावरात आहे. काकी रोज तिथून डोक्यावर पाण्यानं भरलेला गुंड आणते, आधी आमच्या घरी उतरवते, मग स्वतःच्या घरचं पाणी भरायला परत जाते. आणि मी इथं परमुलखात. तिचे पाय चेपायलाही जवळ नाही.

मी सातवीतच शाळा सोडली. नवरा वारला, तेव्हा पोरीला आईजवळ ठेवून इकडं दातांच्या पेस्टच्या कंपनीत पॅकिंगला लागले. एकदा खोक्यावर वाचलं, लहान मुलांनी पेस्ट गिळू नये. लाईन सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं, असं का?

"फ्लोराईड असतं त्यात. वरून थोडं लागलं तर दात किडत नाहीत. पोटात जास्त गेलं, तर तेच दात खराब करतं. हाडंही."

माझे हात थांबले. हा शब्द मी गावात ऐकला होता. पाणी तपासणारे आले, आमच्या हापशीला लाल रंग मारून गेले, तेव्हा हेच बोलले होते. पण लाल म्हणजे जंतू, असं आम्ही धरलं. आणि जंतू मारायला पाणी उकळायचं, हे कावीळ आली तेव्हापासून घरोघरी ठाऊक. बाकीचे हापशीचं पाणी तसंच प्यायचे. माझी आई मात्र काड्या जमवून, चुलीवर निम्मं आटेपर्यंत उकळून नातीला द्यायची. तरी पोरीच्या दातांवर तपकिरी पट्टे आले होते, चालताना गुडघे एकमेकांना घासत होते.

"बाई, उकळलं तर जातं ना ते?"

"नाही गं. पाण्याची वाफ होते, ते भांड्यातच राहतं. उलट उरलेल्या थोड्या पाण्यात ते आणखी दाट होतं."

सुटी काढून गेले. पोरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "दात आता असेच राहतील. पायांचं म्हणाल तर, वाढतं वय आहे. हापशीचं बंद करा, विहिरीचं पाणी द्या, दूध द्या. बघू."

घरी येऊन आईला सांगितलं. ती चुलीपुढं बसून राहिली.

"मी तं उकळून पाजत होती वं माय. कोणी इतकं करते का?"

दोघी रडत बसलो. तेवढ्यात काकी दारात आली.

"काहून रडून राह्यल्या वं मायलेकी? विहीर आटली का?"

"काकी, पोरीला आता विहिरीचंच पाणी पाहिजे, आणि आईची कंबर धरली आहे. तिच्यानं विहिरीपर्यंत जाणं होत नाही."

"मंग मी का मेली? गुंड वाहून वाहून आधीच केसं गेले माह्ये, आता टक्कलच पाडतं का वं माह्यं?" असं म्हणत तिनं आमचा गुंड उचलला आणि निघाली.

आता रोज फोनवर मी एकच विचारते, गुडघे घासतात का? आई म्हणते, "तसेच हायेत. आणखी वाकले नाही." तेवढ्यावर मी झोपते. कधी वाटतं, आई माझं मन राखायला बोलते. मग काकीला विचारते. तीही तेच सांगते, वर दोन शिव्या देते.

काकी, मी कायमची परतेन तेव्हा तुझ्या घरचं पाणी मी भरीन. तू ओट्यावर बस आणि उशीर झाला म्हणून माझ्या नावानं ओरड.