चंद्राबाईने हात लावला नाही

पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीत चंद्राबाई राहते. तिच्या हाताला गुण आहे असं सगळं खोरं मानायचं. बाळंतिणीची कंबर, लावणीत आखडलेली पाठ, झाडावरून पडलेल्याचा मुरगळलेला पाय, सगळं तिच्याकडे यायचं. ती निर्गुडीचा पाला वाफवायची, तेल कोमट करायची आणि दुखणाऱ्याला शिव्या घालत चोळायची. "रडतोस काय रे रेड्या, तुजी बायको बाळंत झाली तवा ती पण येवडी नाय रडली!" माणूस हसेपर्यंत हिने सांधा बसवलेला असायचा.

तिचा एकुलता एक मुलगा भरत बिरवाडीत खोली घेऊन राहायचा आणि तिथल्या एका कारखान्यात कंत्राटावर माल चढवायचा. एके दिवशी कारखान्यातली तांब्याची तार चोरीला गेली. तार कोणी नेली हे शोधायला डोकं लागतं, भरतला उचलायला पोलिसांना नुसती जीप पुरली. दोघांनी त्याला पालथा धरला आणि तिसऱ्याने तळव्यांवर रबरी पट्टा चालवला. मध्ये चहा आला. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा सुरुवात. शेवटी भरतने कबूल केलं, तार विहिरीत टाकली म्हणून सांगितलं. विहीर उपसली तर गाळ निघाला. मग खोटं बोलला म्हणून पुन्हा पट्टा. तार ठेकेदाराच्याच ड्रायव्हरकडे सापडली, तेव्हा "जा घरी, जिन्यावरून पडलो म्हणून सांग," एवढं बोलून त्याला सोडून दिलं.

घरी आणला तेव्हा त्याचे तळवे काळेनिळे पडून टम्म फुगले होते. आईने काय करावं? तिला जे येत होतं ते तिने केलं. मिठाच्या पाण्याने शेकलं, हळद-तेल लावलं, बोट न् बोट मोकळं केलं, जेवणखाण विसरून पोराच्या पायाशी बसून राहिली. सूज उतरली, काळे डाग विरले. चंद्राबाईने पोराला उभा केला, म्हणून वाडीने कौतुक केलं.

महाडच्या वकीलबाई सरोजताईंना हे उशिरा कळलं. कोठडीतल्या मारहाणीविरुद्ध त्या वर्षानुवर्षं भांडत आल्या होत्या. त्यांनी भरतला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय उलटेपालटे करून पाहिले आणि इजा दिसत नाही असं लिहून दिलं. एक्स-रेतही हाड मोडलेलं नव्हतं. बाहेर आल्यावर सरोजताई चिडून बोलून गेल्या, "मावशी, पोलिसांना जमलं नसतं ते तुम्ही करून दिलंत. मार पुसून टाकलात." बोलल्या आणि लगेच ओशाळल्या, पण शब्द जायचा तिथे गेला होता. पोलिसांविरुद्धची तक्रार निकाली निघाली. भरत आजही भिंतीला धरून चालतो.

त्यानंतर चंद्राबाई सरोजताईंबरोबर वाड्यावाड्यांतून फिरू लागली. सरोजताई कायदा सांगायच्या की चोर असला तरी त्याला मारायचा हक्क कुणाला नाही. लोक जांभया द्यायचे. मग चंद्राबाई उठायची. "पोलिसांनी सोडलेला माणूस घरी नेऊ नका. तेल नको, शेक नको, आंघोळ पण नको. तसाच दवाखान्यात न्या. मी हात लावला नि माज्या पोराचा मार खोटा झाला." मालीशवालीच मालीश नको म्हणते, म्हणून लोक टिंगल करायचे. खालच्या वाडीतली जानकीबाई सगळ्यांच्या पुढे. "चोराला मारणार नाय तर काय ओवाळणार?" ती म्हणाली आणि बायका खिदळल्या. पट्टा पोलिसाच्या हातात असतो खरा, पण त्याला तेल असं गावोगाव मिळतं.

मग एक दिवस जानकीबाईच्याच पोराची, दीपेशची पाळी आली. तो रिक्षा चालवायचा. पोलीस साहेबांच्या गाडीला वाट द्यायला उशीर केला, एवढाच गुन्हा. रात्रभर ठाण्यात ठेवून सकाळी त्याला रस्त्याच्या कडेला आणून टाकला. जानकीबाई धावत चंद्राबाईकडे आली. "तेल घे गो, चल लवकर!"

चंद्राबाई गेली ती रिकाम्या हाताने. सरोजताईंना फोन केला. महाडहून जीप यायला वेळ लागणार होता. दीपेश ओटीवर पालथा पडून चटई चावत होता. "मावशे, नुसता हात फिरव गो," तो म्हणत होता. जानकीबाई तिच्या पाया पडली, मग तिला शिव्या दिल्या, मग भरलेला तांब्या अंगावर फेकला. चंद्राबाई दारात बसून राहिली, दोन्ही हात काखेत दाबून. कुठली शीर दाबली की कळ थांबेल हे तिला माहीत होतं आणि तिने ती दाबली नाही. आपण निर्दय वागतोय हेही तिला कळत होतं.

पण डॉक्टरांनी या वेळी सगळं लिहिलं. वळ मोजले, फोटो काढले. चौकशी लागली. "आता सुटत नाय ते," चंद्राबाईने घरी येऊन भरतला सांगितलं. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

मग पोलीस जानकीबाईच्या घरी गेले. दमदाटी करायला नाही, चहा प्यायला. रिक्षात गांजा सापडू शकतो, असं सहज बोलून गेले. चौकशीच्या दिवशी महाडच्या कचेरीत जानकीबाई खाली मान घालून म्हणाली, "पोरगा घाटात पडला. हिनं चोळला, म्हणून पाय असा झाला." आणि तिने चंद्राबाईकडे बोट दाखवलं.

"मी हात लावला नाय गो जानके!" चंद्राबाई ओरडली. "तू माज्या पाया पडत होतीस तरी नाय लावला!"

"आवाज खाली," चौकशी करणारे साहेब म्हणाले.

भोंदू उपचार करून इजा केली, असा गुन्हा चंद्राबाईवरच दाखल झाला. भरतला मारलं त्याच ठाण्यात तिला बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. पट्टा चालवणारा तो गडी मान चोळत तिच्यापुढे आला. "मावशी, माझी मान धरलीय. जरा दाबून देता का?" सगळं ठाणं हसलं. अशा माणसाला मान असते हेच नवल.

बाळंतिणींनी तिला बोलावणं सोडलं. "बस झाला आता, आये," भरत म्हणाला.

पुढे शिवथरहून दर्शना नावाच्या बाईचा फोन आला. तिच्या भावाला, पांडूला, पोलिसांनी सोडलं होतं. सरोजताई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही येऊ नका. तुम्हीच चोळलं म्हणायला ते टपलेले आहेत."

"बहीण हाय ती. तिला राहवणार नाय, हात लावंल," चंद्राबाई म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

शिवथरला घरासमोर उतरल्यावर तिने शेजारपाजारचे लोक गोळा केले आणि अंगणात पडलेली गवताच्या भाऱ्याची दोरी सरोजताईंच्या हातात दिली. दोन्ही हात पाठीमागे घेतले. "बांधा. सगळ्यांच्या देखत बांधा."

"मावशी, हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

"मग उद्या परत मीच चोळला म्हणतील."

सरोजताईंनी बांधले. गाठ मारताना त्यांना रडू आवरेना.

पांडू पडवीत पालथा पडला होता आणि दर्शना तेलाची वाटी घेऊन त्याच्या पायाशी बसली होती. चंद्राबाई तोल सावरत त्याच्याजवळ खाली बसली. "वाटी ठेव गो बाजूला," ती दर्शनाला म्हणाली. पांडूने कण्हत मान वळवली. त्याला तिचे बांधलेले हात दिसले आणि तो कण्हायचा थांबला.

"मावशे," त्याने विचारलं, "तुला पण धरली काय गो?"

शेजारचे दोघे पांडूला उचलून जीपमध्ये न्यायला पुढे आले, तेव्हा चंद्राबाई नुसती बाजूला सरकली.