ऑर्विल टटलची उघडी पेटी

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या चर्चांमधून ऑर्विल टटलने बावीस वर्षं जादू दाखवली. पेशाने सुतार, पंथाने पक्का बॅप्टिस्ट ख्रिस्ती. जादूच्या पेट्या तो स्वतःच्या गॅरेजात घडवायचा. त्यातली एक तर कमालच होती. समोरून पाहिली तर तीत मांजरही मावणार नाही असं वाटायचं, आणि त्याची चांगली दोनशे पौंडांची बायको, नेटी, आत शिरून पार दिसेनाशी व्हायची.

प्रत्येक प्रयोगाआधी तो बजावायचा, "मंडळी, ही नुसती युक्ती आहे. चमत्कार करणारा वर बसलाय, मी नव्हे." लोक माना डोलवायचे आणि विसरून जायचे.

एका रविवारी दुपारी चर्चच्या तळघरात जेवणं उरकल्यावर त्याने नेटीला गायब केलं. टाळ्या थांबेनात. तेवढ्यात ऐंशीच्या मिसेस हिबर्ड काठी टेकत मंचावर आल्या आणि गुडघा पुढे करून म्हणाल्या, "बाळा, हा संधिवात तेवढा गायब कर."

"अहो, ही युक्ती आहे हो!"

"विनय पुरे. हात ठेव."

त्यांच्यामागे आणखी सात जण रांगेत उभे राहिले. एकाला तर बंद पडलेला ट्रॅक्टर सुरू करून हवा होता. ऑर्विलला दरदरून घाम फुटला. लोक आपल्याला देवाच्या जागी बसवताहेत, हे पाप कुठे फेडायचं? त्याने पेटीकडे पाहिलं. तीन वर्षांची मेहनत होती ती. मग त्याने पेटी गर्रकन फिरवली आणि मागची फळी उघडली.

आत नेटी घडी घातल्यासारखी बसलेली, तोंडात हॅम सँडविच.

"ऑर्विल! अक्कल गहाण टाकलीस का? लाव ती फळी!"

मिसेस हिबर्ड चष्मा सावरत वाकल्या. त्यांनी नेटीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं.

"एवढी बाई एवढ्याशा पेटीत? मग चमत्कार आणखी कशाला म्हणतात?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी गुडघा अजून पुढे केला.

रहस्य फोडलं म्हणून जादूगारांच्या मंडळाने ऑर्विलला काढून टाकलं. पत्र आलं त्या दिवशी तो जेवला नाही. नेटी म्हणाली, "सुटलास. त्यांच्या वार्षिक मेजवानीत कोंबडी कच्चीच असायची."

पण चर्चांची बोलावणी दुपटीने वाढली. सगळ्यांची अट एकच: पेटी उघडी ठेवा. नेटी दुमडते कशी, ते बघायला लांबलांबून लोक येऊ लागले. पुढची नऊ वर्षं टाळ्या तिलाच मिळाल्या. ऑर्विलला त्याचं जरा वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं म्हणून तो प्रार्थनेत देवाची माफी मागायचा.