उतरवताना हाक मारायची नाही

रणपिसे सिस्टरांनी पहिल्याच भेटीत मला मृत घोषित केलं.

दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात मी नुकताच रुजू झालो होतो. पुण्याहून पदक घेऊन आल्यामुळे डोक्यात हवा भरपूर होती. मंगळवारी दुपारी तळमजल्यावरच्या खोलीत हजर राहा, अशी चिठ्ठी आली. तिथे चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत संसर्गापासून वाचवणारा पोशाख चढवायला लावला: टोपी, मास्क, डोळ्यांवरचा मोठा चष्मा, एकावर एक दोन हातमोजे. मग स्टीलच्या डब्यातून चमचाभर गुलाल काढून माझ्या हातांवर आणि छातीवर टाकला.

"हा गुलाल म्हणजे विषाणू. आता उतरवा."

मी दोन मिनिटांत सगळं उतरवलं आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. सिस्टरांनी आरसा पुढे केला. उजव्या कानामागे गुलाल, मिशीच्या टोकाला गुलाल.

"डॉक्टर, तुम्ही मेलात," त्या शांतपणे म्हणाल्या. "घरी कोण कोण आहे?"

"बायको. आणि चार महिन्यांची मुलगी."

"मग त्यांनाही दिलात. चलो, पुन्हा."

त्या दिवशी मी चार वेळा मेलो. घरी गेल्यावर बायकोने विचारलं, दिल्लीत आत्ता कुठली होळी? मी काय सांगणार!

सिस्टर मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती कुटुंबातल्या. वडिलांच्या केंद्र सरकारातल्या नोकरीमुळे लहानपणीच दिल्लीत आल्या आणि पुढे तिथल्याच द्वारका भागात भावाशेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहिल्या. दर रविवारी चर्चला जायच्या आणि दर वर्षी अनंत चतुर्दशीला महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीपाशी स्टीलचा डबा घेऊन हजर असायच्या. विसर्जन झालं की उरलेला सगळा गुलाल त्यांचा. मंडळाचे लोक चेष्टा करायचे, "सिस्टर, पुढच्या वर्षी आरतीलाही या." त्या म्हणायच्या, "आरती तुम्ही करा, बाबांनो. गुलाल मला द्या, तुमच्याच जिवासाठी लागतो." मला मात्र तो रंग दिसला की आजही कानामागे हात जातो.

वटवाघळांकडून डुकरांत आणि डुकरांकडून माणसांत येणारे ताप तेव्हा आम्हा तरुण डॉक्टरांना परीक्षेतल्या टिपेपुरते ठाऊक होते. सिस्टरांना ते दाराशी आलेल्या पाहुण्यासारखे वाटत. नजफगढच्या बाजूला गुरांचे एक डॉक्टर होते, त्यांना त्या रोज सकाळी फोन करायच्या आणि पहिला प्रश्न असायचा, "डॉक्टरसाब, आज क्या मरा?" फोन ठेवून आम्हाला सांगायच्या, "जनावर मेलं तेव्हाच मला कळलं पाहिजे. माणूस मरेपर्यंत थांबायला मी काय यमाची कारकून आहे?"

एकदा त्यांनी अचानक घंटा वाजवून जाहीर केलं की असा रुग्ण दाराशी आला आहे, धावा. आम्ही धावलो. पोशाखांच्या कपाटाला कुलूप, आणि किल्ली भांडारपालाच्या खिशात. भांडारपाल मेहुणीच्या लग्नाला पानिपतला. वस्तू चोरीला जाऊ नयेत म्हणून तो मोठ्या निष्ठेने किल्ली बरोबर घेऊन गेला होता! सिस्टरांनी पानिपतला फोन लावला. मागे बँड वाजत होता आणि भांडारपाल ओरडून सांगत होता, "सिस्टर, माल बिल्कुल सेफ है!" आम्ही पोट धरून हसलो. सिस्टर हसल्या नाहीत. "आजार येताना रजेचा अर्ज देत नाही," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून किल्ली कपाटाशेजारी काचेच्या पेटीत लटकू लागली.

त्यांचा सगळ्यात कडक नियम मात्र वेगळाच होता. पोशाख चढवताना हव्या तेवढ्या गप्पा मारा. उतरवताना कुणी कुणाला हाक मारायची नाही. एकाने उतरवण्याच्या पायऱ्या मोठ्याने वाचायच्या, दुसऱ्याने उतरवायचं, बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. चढवणारा माणूस सावध असतो, उतरवणारा दमलेला आणि घराकडे मन लागलेला, असं त्या म्हणत. एका मंगळवारी तालीम चालू असताना अधीक्षकसाहेब पाहणीला आले. मी निम्मा उतरवलेला. साहेबांनी दारातूनच आवाज दिला, "अरे डॉक्टर..." आणि सिस्टरांनी मागे वळूनही न पाहता त्यांच्या दिशेने पंजा रोखला. रांगणाऱ्या पोराला चुलीपासून थांबवावं तसा. साहेबांच्या मागे दहा माणसं होती. साहेब लालबुंद होऊन निघून गेले.

आठवड्याभरात कागद आला: तालीम पुढील आदेशापर्यंत बंद. सिस्टरांनी तो वाचून घडी घातली आणि तालीम जेवणाच्या सुट्टीत ठेवली. ज्यांना यायचं ते या. आम्ही तिघंच उरलो. मी फार निष्ठावान होतो असं नाही. त्यांच्या डब्यात नगरी शेंगदाण्याची चटणी असायची, हेही कारण होतंच. सिस्टरांची धास्ती मात्र खरी होती. "तिघं शिकले आणि चौथा आत गेला, तर?" असं त्यांनी मला एकदा विचारलं.

त्यानंतर काही महिन्यांनी नजफगढहून उलट फोन आला. एका वस्तीत आठवडाभर डुकरं मरत होती आणि त्यांना सांभाळणारा माणूस तापाने बरळत होता. संध्याकाळच्या आत तो आमच्याकडे पोहोचला. किल्ली पेटीत होती, वेगळी खोली तयार होती, आणि त्या दिवशी पाळी माझी होती.

दोन तास मी आत होतो. बाहेरच्या खोलीत आलो तेव्हा घामाने डोळे चुरचुरत होते आणि मुलीचा चेहरा समोरून हलत नव्हता. सिस्टर दोन हात लांब उभ्या राहून वाचू लागल्या. "बाहेरचा हातमोजा. सावकाश. आता थांबा. श्वास घ्या." तेवढ्यात काचेपलीकडे अधीक्षकसाहेब धावत आले. मंत्रालयातून फोन आला असावा. त्यांनी तोंड उघडलं. मी वळणार होतो. सिस्टरांचा आवाज तसूभरही हलला नाही. "डॉक्टर, माझ्याकडे बघा. आता टोपी." साहेबांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि शेवटचा हात धुऊन होईपर्यंत ते भिंतीशी उभे राहिले.

अहवाल यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी घरी गेलो नाही. निदान दुसऱ्याच तापाचं निघालं, माणूसही वाचला. मी वैतागून म्हणालो, "सिस्टर, उगाच जीव टांगणीला लागला." त्या म्हणाल्या, "तोच ताप निघाला असता, तरी तुमच्या अंगावर काही आलं नव्हतं. मी बघत होते ना." साहेबांनी मंगळवारची तालीम पुन्हा सुरू करण्याचा कागद स्वतःच्या हातांनी आणून दिला.

त्या संध्याकाळी मी त्यांना चहाला बोलावलं. सिस्टर रुग्णालयात कधीच चहा घेत नसत, हे मला तेव्हा कळलं.

"सुमन म्हणून माझी मैत्रीण होती," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघी नव्या नर्सेस. असाच कुठलातरी नाव नसलेला ताप होता. ती आतून आली, गाऊन उतरवत होती. मी दारातून हाक मारली, 'सुमे, चहा घेतेस का?' तिनं वळून बघितलं, घसरलेला चष्मा त्याच हातानं वर केला आणि म्हणाली, 'आले गं.' आठवड्यात गेली."

मी माझा कप खाली ठेवला.

"त्यामुळेच गेली असं नसेलही, डॉक्टर. पण नाही असं मला कोण सांगणार?"

सिस्टर निवृत्त झाल्या, मी त्यांच्या जागी वाचू लागलो. मंडळातून गुलालही मीच आणत असे. काही वर्षांनी त्यांच्या भावाचा फोन आला: ताप आहे, श्वास लागतोय. आमच्याच रुग्णालयात, अहवाल येईपर्यंत त्याच वेगळ्या खोलीत त्यांना ठेवावं लागलं. मी पोशाख चढवून आत गेलो. त्यांनी मला डोळ्यांवरून ओळखलं, मास्क नीट बसलाय का ते बघितलं, आणि हात हलवून म्हणाल्या, "जा आता. फार वेळ थांबू नका." मी त्यांचा हात हातात धरला. दोन हातमोज्यांतून तो किती गरम आहे हेही मला धड कळलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

बाहेर येऊन उतरवू लागलो. माझीच विद्यार्थिनी पायऱ्या वाचत होती. मधल्या काचेतून मला दिसलं, सिस्टर उशीवरून थोड्या उठल्या, तोंडावरचा प्राणवायूचा मास्क बाजूला केला आणि माझ्याकडे बघून ओठ उघडले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मग त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. बाहेरचा हातमोजा अर्धवट निघाला होता. त्यांनी ओठ मिटले, एक बोट त्यांवर ठेवलं आणि वाट बघत राहिल्या.

मी घाई केली नाही. करून चाललं नसतं, त्यांना तर मुळीच नाही. सगळं उतरवलं, हात धुतले आणि मग काचेकडे वळलो. बोट ओठांवरून घसरून उशीवर आलं होतं आणि त्यांना ग्लानी आली होती. त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत.

काय सांगायचं होतं ते मला आजही माहीत नाही. हाक मारली असती, तर मी नक्की वळलो असतो.