मजल्याला विचारा

माझी धाकटी सून लिफ्ट दुरुस्त करते. लग्न ठरलं तेव्हा आमच्या जाऊबाईंनी विचारलं होतं, “सून आणताय की मिस्त्री?” मी म्हटलं, “एकीत दोन्ही मिळत असतील तर का सोडा?”

त्याला बारा वर्षं झाली. लिफ्ट दाराशी बोटभर जरी खाली थांबली तरी तिला चैन पडत नाही. “त्याच बोटभर पायरीला म्हातारी माणसं अडखळतात, आई,” असं ती सांगते आणि तेव्हा माझ्याकडे बघायचं कटाक्षाने टाळते.

दर शनिवारी ती शेजारच्या शाळेत मुलांचा रोबोटिक्स क्लब चालवते. क्लबची खोली मुख्याध्यापिकांना संगीतवर्गासाठी हवी होती. शेवटी त्यांनी अट घातली: स्पर्धा घ्या, पालकांना बोलवा, आणि पाचांपैकी निदान तीन गट यशस्वी झाले तर खोली तुमची.

सूनबाईंनी काम दिलं ते आपल्या धंद्यातलंच. पुठ्ठ्याची तीन मजली इमारत आणि तिच्यात छोट्या मोटरने धाग्यावर ओढली जाणारी लिफ्ट. लिफ्टमध्ये वजनाला खिळ्यांची डबी आणि एक गोटी. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट अशी थांबली पाहिजे की गोटी न अडता बाहेर घरंगळेल. घड्याळ बघून वेळ नोंदवायचं काम माझ्याकडे होतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी सुरुवात झाली. पावणेअकरापर्यंत पाचही गट नापास. पाचही लिफ्ट मजल्याच्या जराशा खालीच थांबत होत्या आणि गोटी उंबऱ्यावर आपटून मागे येत होती.

“बाई, आमचा धागाच ताणला जातोय,” क्लबातली चिमणी म्हणाली. सातवीतली पोर, आवाज मात्र घंटेसारखा.

मागून कुणाचे तरी वडील हसले. “नाचता येईना, अंगण वाकडं.”

सूनबाईंनी धागा बोटांत धरून ओढून पाहिला. तो त्यांनीच आणून सर्वांना वाटला होता, आणि रिकाम्या लिफ्टवरच तपासला होता. मला वाटलं, आता काहीतरी सावरासावर करतील.

“अंगण खरंच वाकडं आहे,” त्या सरळ त्या वडिलांकडे बघून म्हणाल्या, “आणि ते मी सारवलंय. वजन टाकून बघायला हवं होतं, बघितलं नाही.”

विज्ञानाच्या बाई सूनबाईंच्या कानाशी आल्या. “खिळे काढून टाका ना. खोली जाईल हो.”

“रिकाम्या लिफ्टचा उपयोग काय, बाई? तिच्यात माणूस चढतो.” मग मुलांकडे वळून: “धागा हाच राहील. एक तास देते. मोटर किती सेकंद फिरवायची ते तुम्ही ठरवलंत. पण लिफ्ट कुठे पोचली, हे धाग्याला काय माहीत? ज्याला माहीत आहे त्याला विचारा.”

मुलं डोकी खाजवत बसली. वीस मिनिटांनी चिमणीने खोक्यातून दाबबटणं काढली आणि प्रत्येक मजल्याच्या कडेला एकेक चिकटवलं. लिफ्ट बटणाला टेकली की मोटर बंद, मग धागा कितीही ताणला जावो. शेजारच्या गटाने मान उंच करून पाहिलं. “आमची कॉपी नको,” चिमणी म्हणाली. “कॉपी नाही, अभ्यास,” उत्तर आलं.

पावणेबाराला दुसरी फेरी. पहिल्या गटाची गोटी तिन्ही मजल्यांवर बाहेर. दुसऱ्याची बाहेर. तिसऱ्याचं बटण गळून पडलं. चौथ्याची दुसऱ्या मजल्यावर अडली. पाचव्या गटाच्या वेळी मुख्याध्यापिका स्वतः उठल्या, चष्मा लावला आणि टेबलाशी वाकल्या. गोटी तीनदा त्यांच्या तळहातावर येऊन पडली.

“संगीतवर्ग वरच्या मजल्यावर नेऊ,” त्या म्हणाल्या.

पालक टाळ्या वाजवून घरी गेले. सूनबाई मात्र बाह्या सरसावून राहिलेल्या दोन गटांमध्ये जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी एकाही बटणाला हात लावला नाही, फक्त प्रश्न विचारत होत्या. शेवटची गोटी एक वाजून दहा मिनिटांनी बाहेर आली. ती वेळ मी मिनिटासकट सगळ्या आळीला सांगितली आहे, जाऊबाईंना दोनदा.