फक्कीच्या रेघेबाहेर

परवानगीवाचून जो कधी शिंकलाही नसेल असा मनुष्य अवघ्या सोलापुरात एकच आहे, आणि तो शुक्रवार पेठेत माझ्या समोरच्या घरात राहतो. कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसून अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. माझा मजकूर वाचून भलेभले अधिकारी खुर्चीत सावरून बसले आहेत. तथापि ड्रायव्हरमामांसारखा अर्जदार मला दुसरा लाभला नाही. मुलीच्या लग्नात त्यांनी मांडवाचा परवाना खांबालाच ठोकला होता, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अक्षता मिळण्यापूर्वी तो वाचावा लागे. दारचा शेवगा छाटायचा तर शेजाऱ्यांची लेखी संमती आधी.

याचे मूळ त्यांच्या नोकरीत होते. अतिक्रमणे हटविणाऱ्या पथकाची गाडी त्यांनी निवृत्तीपर्यंत चालविली. पाडावयाच्या भागाभोवती फक्कीची पांढरी रेघ ओढली जाई आणि मागाहून मामांची गाडी येई. ते म्हणत, "लोकांचं जिनं, ओटं माझ्याच गाडीनं उचललं, साहेब. आता माझ्या घरावर बिनकागदाची वीट चढली, तर कुठल्या तोंडानं गल्लीतनं जाऊ?"

अशा मनुष्याच्या घरात गरम पाण्याच्या टबाचा विषय निघाला. जन्मभर मांडी घालून विड्या वळल्यामुळे मामींचे गुडघे आखडले होते. डॉक्टरांनी कोमट पाण्यात बसावयास सांगितले आणि पुण्याच्या जावयाने गच्चीवर ठेवण्याजोग्या टबाचे चित्र मोबाइलवर दाखविले. मामी हरखून म्हणाल्या, "एकदा गळ्यापातूर ऊन पाण्यात बसायचंय बघा. मग गुडघं ऱ्हाऊ द्या न्हायतर जाऊ द्या." त्यांनी मागितलेली ही बहुधा पहिलीच वस्तू. गल्लीने मात्र चेष्टा मांडली : "नळाला पाणी न्हाय, आन् मामा गच्चीवर तळं बांधाय लागलाय!"

मामा मला घेऊन कचेरीत गेले. तेथील कारकून भला होता. तो म्हणाला, "मामा, टबाला कसला परवाना? आणा, भरा, मामींना बसवा."

"तसं लिवून द्या की."

"जे लागतच नाही, ते लिहून कसं देऊ?"

मामा खिन्न होऊन परतले. दुसऱ्या दिवशी प्रसन्न चेहऱ्याने ते माझ्यापुढे उभे राहिले. टबाखाली लाकडी फळ्यांचा ओटा आणि वर पत्र्याचे छप्पर, अशी भर त्यांनी घातली होती. "आता तर परवाना लागंल की न्हाय?" त्यांनी विचारले. लागणार होता. मग नकाशा आला. अभियंत्याने भरलेल्या टबाचे वजन धरून स्लॅबखाली लोखंडी तुळई सुचविली; नकाशा बदलला. शेजाऱ्याच्या भिंतीकडे पाणी जाईल म्हणून उताराची दिशा फिरविली. नकाशा पुन्हा बदलला. प्रत्येक वेळी मी नव्याने, सविस्तर, सविनय अर्ज लिहिला.

दरम्यान मामांनी गच्चीवर टबाच्या मापाचे फक्कीचे वर्तुळ आखून ठेवले. संध्याकाळी मामी कठडा धरून वर येत आणि बादलीतल्या ऊन पाण्यात पाय सोडून बसत. एकदा त्यांनी खुर्ची वर्तुळात सरकविली, तशी मामांची हाक आली, "आत नको, रेघेच्या भाएर. अजून मंजुरी न्हाय."

"अवो, माझीच गच्ची की!"

"कागद येऊ दे."

"बसले आत, तर माझ्यावर बी गाडी आणताय व्हय?" असे म्हणून मामी इतक्या हसल्या की बादलीतले पाणी सांडले. खुर्ची मात्र त्यांनी मागे घेतली.

थंडी उतरणीला लागली तेव्हा छातीच्या दुखण्याने मामी गेल्या. मंजुरी त्यानंतर आली. ती मामांनी माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. ओटा, छप्पर, टब, सर्व काही. पुढे काय लिहावयाचे, असे मी विचारले. त्यांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला.

टब आलाच नाही. वाऱ्याने पुसली की मामा फक्कीची रेघ नव्याने ओढतात. संध्याकाळी पाणी तापवितात, बादली वर नेऊन वर्तुळाच्या बरोबर मध्ये ठेवतात आणि स्वतः रेघेबाहेर खुर्चीवर बसतात. परवा न राहवून मी म्हणालो, "मामा, आत बसा की. मंजुरी आली आहे."

"मंजुरी तिच्यासाठी मागितली हुती, साहेब," ते म्हणाले, आणि वाफ विरेपर्यंत बादलीकडे पाहत राहिले.