गुंड्या शेजारी राहिला आणि पेलेट खायला लागला

रविवारी संध्याकाळी भाचीचं लग्न आटपून आम्ही नागपूरहून भोपाळला, पिपलानीतल्या घरी परतलो. बॅगा दारातच टाकल्या आणि आधी समोरच्या क्वार्टरची बेल वाजवली... कारण माझा जीव तिथे ठेवलेला होता.

माझा जीव म्हणजे गुंड्या. शुगर ग्लायडर आहे तो. खारीएवढा, टपोरे काळे डोळे, पुढच्या-मागच्या पायांच्या मध्ये पातळ कातडी... पडद्याच्या रॉडवरून उडी मारली की तरंगत खाली येतो. लेकाने हट्टाने आणला आणि स्वतः हॉस्टेलला निघून गेला. "घरात उंदीर नको" म्हणून मी आकांडतांडव केलं होतं, आणि आता तो दिवसभर माझ्या गाऊनच्या खिशात झोपतो.

त्याचं खाणंपिणं सगळं मी बघते. पपई, सफरचंद, चिकू, वर मधाचं बोट... लेकाने पेलेटचं एक पाकीट आणून ठेवलं होतं, कोरडे तपकिरी गोळे नुसते. मी ते फोडलंसुद्धा नाही. घरात ताजं असताना बाळाला असलं कोरडं कोण घालतं हो?

लग्नाला जाताना त्याला सुलभाताईंकडे सोपवला. त्या अमरावतीच्या. कुणीही गावी निघालं की घराची किल्ली आणि तुळशीचं पाणी समोरच्यांच्या गळ्यात, ही आमच्या टाऊनशिपची रीतच आहे. चिरलेल्या फळांच्या वाट्या देताना बजावून सांगितलं होतं, पेलेट नाही म्हणजे नाही.

ताईंनी दार उघडलं आणि बघते तर काय... गुंड्या त्यांच्या खांद्यावर! दोन्ही पंजांत पेलेट धरून कुरुमकुरुम खातोय!

मी हाक मारली, "गुंड्या, ये बाळा." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत खायला लागला. ताई म्हणाल्या, "चलो मियाँ, मम्मी आ गई," तर हे महाशय टुणकन त्यांच्या तळहातावर. मी इतके महिने त्याच्याशी मराठीत बोलते आणि हा एका लग्नात भोपाळी झाला.

खोटं कशाला बोलू, जळले मी. असा जळफळाट तर जावेला नवीन पाटल्या झाल्या तेव्हाही झाला नव्हता. करायचं मी, निस्तरायचं मी, आणि लाड करून घ्यायला ह्या... आयत्या बिळावर नागोबा! ताईंशी धड न बोलता पिंजरा उचलला आणि घरी आले.

घरी बघते तर ओट्यावरचं पेलेटचं पाकीट गायब. बाल्कनीतल्या दोरीवरचा माझा जुना जांभळा गाऊनही गायब! ह्यांना म्हटलं, आता माझे कपडेपण न्यायला लागल्या का त्या? हे म्हणाले, वाऱ्याने उडाला असेल. आमचे हे कायम शेजाऱ्यांच्या पार्टीत.

त्यात गुंड्याने पपईला तोंड लावलं नाही. झालं... पेलेटने पोट बिघडवलंच! सोमवारी त्याला टी. टी. नगरच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं आणि सुलभाताईंनाही मुद्दाम सोबत घेतलं. डॉक्टर काय म्हणतात ते त्यांच्या कानावर पडायला नको?

डॉक्टरांनी पोट बघितलं, ते ठणठणीत. मग मागचे पाय दाबून बघितले आणि विचारलं, हा चढताना घसरतो का? मी म्हटलं, हो, मस्ती करतो. ताई हळूच म्हणाल्या, "मस्ती नाही ना बाई. पाय धरत नाहीत त्याचे."

नुसत्या फळांवर ठेवलं तर कॅल्शियम कमी पडतं, हाडं कमजोर होतात, पुढे पायच जातात... डॉक्टर शांतपणे सांगत होते आणि मी गुंड्याचे पाय बघत होते. म्हणाले, नुसते पेलेटही नकोत, पण थोडे हवेत. बाकी ताजं, अधूनमधून उकडलेलं अंडं, आणि मध बंद. वेळेत आणलंत, सुधारेल.

ताईंना हे पहिल्याच संध्याकाळी दिसलं होतं. त्यांनी माझ्या लेकाला फोन लावला आणि त्याने पेलेट द्यायला सांगितलं. म्हणजे लेकही फितूर! लग्नघरात मला घोर नको म्हणून दोघंही गप्प. स्कूटरवरून परत येताना त्यांचंच खरं ठरलं, याचीसुद्धा मला जळजळ होत होती.

संध्याकाळी बेल वाजली. दारात सुलभाताई, हातात माझी वाटी. आमच्यात वाटी रिकामी परत करत नाहीत, म्हणून तीत पेलेट. आणि काखेत माझा जांभळा गाऊन!

"काहून रागावली गं?" त्या म्हणाल्या. "न विचारता नेला, चुकलं माझं. पण हा बावा खायचा माझ्या हातचं, अन् झोपेच ना. माझी मऊसूत सुती साडी दिली, तर मुतला तिच्यावर! शेवटी किल्ली घेतली अन् तुझा गाऊन आणला. खिशात शिरला अन् दोन मिनिटांत ढाराढूर. असा राग आला मला त्याचा..."

त्या हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते. त्यांनाही माझ्यासारखंच झालं होतं. मी त्यांना आत ओढलं आणि चहा टाकला.

आता रोज दिवेलागणीला ताई येतात. पेलेट त्या देतात, पपई मी. मेला आधी पेलेटच उचलतो आणि मी अजूनही जळते. पण ताई, गुंड्याचे पाय तुमच्यामुळे वाचले, हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवते.

आणि हो... तो जांभळा गाऊन मी अजून धुवायला टाकलेला नाही.