पाच भोकांची पट्टी

चाचा डोळे मिटायचे, कागदी पट्टी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचे आणि हळूहळू ओढायचे. ओठ हलत असायचे. "हाय, न्हाई, हाय, हाय, न्हाई... झालं की. दुनियेत तिसरं काय न्हाई, बेटा. भोक हाय, न्हाईतर न्हाई."

पाहणाऱ्याला वाटावं, माणूस जपमाळ ओढतोय. पण चाचा तार वाचत असायचे.

ही गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तर सालची, सांगलीच्या तार ऑफिसातली. मी नुकताच बी.एस्सी. होऊन चिकटलो होतो. उंब्रजजवळच्या आमच्या गावात कॉलेजची पायरी चढलेला आमच्या घरातला मी पहिलाच. वडिलांनी गावभर पेढे वाटले होते, आणि त्या पेढ्यांची धुंदी माझ्या डोक्यातून अजून उतरली नव्हती. चाचा तिथले सगळ्यांत जुने तारवाले, नॉन-मॅट्रिक. त्यांनी पहिल्याच दिवशी मला नाव ठेवलं, 'गॅज्वेट'. पुढं सगळं ऑफिस मला त्याच नावानं हाक मारू लागलं.

आमचं काम सांगायला सोपं. तारेवरचा पत्ता आणि मजकूर कळा दाबून पट्टीवर उतरवायचा. पट्टीच्या रुंदीत पाच जागा. प्रत्येक अक्षराला ठरलेल्या जागी भोकं पडत. पट्टी टेलिप्रिंटरला लावली की दूर कुठल्या तरी शहरातलं यंत्र त्या भोकांचं पुन्हा अक्षर करायचं. मात्र पाच जागांत अक्षरं आणि आकडे दोन्ही मावत नाहीत. म्हणून दोघांना भोकं तीच. आकडे सुरू करताना आधी आकड्यांची कळ दाबायची, अक्षरांवर परतताना अक्षरांची. आकड्यांच्या कळीला चार भोकं, मधली जागा रिकामी. अक्षरांच्या कळीला पाचही.

चाचा मिरजेच्या सतारी करणाऱ्या घरातले. लहानपणी भोपळ्यावर हात फिरवून तो कुठं जाड, कुठं पातळ ते सांगायचे म्हणे. तेच बोट त्यांनी सरकारी नोकरीत आणलं. एस.टी.त बसले तरी ते बोट स्वस्थ नसायचं. एकदा तिकीट न बघताच त्यांनी कंडक्टरला परत बोलावलं. "भाऊ, तुझं भोक चुकलंया. मला मिरजंला जायाचंय, तू तासगाव केलंस." कंडक्टरनं तिकीट बघितलं, मग चाचांकडं बघितलं आणि मुकाट्यानं दुसरं फाडलं.

पाठवून झालेल्या पट्ट्या एक दिवस खिळ्याला टांगून ठेवायची रीत होती. सकाळी आल्या आल्या चाचा कालच्या सगळ्या पट्ट्या बोटाखालून घालायचे. तसा नियम कुठंच नव्हता. मी एकदा म्हणालोही, "चाचा, गेलेल्या तारा कशाला चाचपताय?"

"बोटांची न्याहारी हाय ती. तू चा पितोस, मी काय बोललो का?"

एका शुक्रवारी चाचांची सुट्टी होती. दुपारी कवठे महांकाळच्या पलीकडच्या गावातले एक शेतकरी खिडकीशी आले. मुलगा जम्मूकडं पलटणीत. लग्न पुढच्या महिन्यात धरलेलं, पण मुलीच्या आजोबांचं दुखणं वाढलं. डोळ्यांदेखत अक्षता पडाव्यात म्हणून लग्न येत्या गुरुवारवर आणलं होतं. प्रवासालाच चार दिवस. "आवं साहेब, आजच्या आज गेली पायजे. नवराच न्हाई तर मांडव कुनासाठी घालायचा?"

मी रुबाबात पट्टी करायला बसलो. पत्त्यात युनिटचा नंबर होता, चारशे सत्तावीस. आकड्यांची कळ दाबली आणि घाईत चारऐवजी पाच दाबला. काही हरकत नाही. पट्टी एक घर मागं घ्यायची आणि चुकीच्या जागी पाचही भोकं पाडायची, म्हणजे ती चूक पुसली जाते. मी पुसली. मग चार, दोन, सात. तार गेली. शेतकऱ्यांनी मला हात जोडले, मी मान हलवली.

शनिवारी सकाळी चाचांचं बोट खिळ्याखाली थांबलं. मागं गेलं. पुन्हा थांबलं.

"गॅज्वेट, इकडं ये. ही पाच भोकं कशाची?"

"चूक पुसली, चाचा."

"पुसलीस, आन् आकडं परत चालू केलंस का?"

मी पट्टी हातात घेऊन बघितली. चूक पुसणारी पाच भोकं म्हणजेच अक्षरांची कळ. तिच्यापुढं पुन्हा आकड्यांची कळ दाबायला हवी होती. ती मी दाबलीच नव्हती. चारशे सत्तावीसच्या जागी तिकडं आर, डब्ल्यू, यू अशी तीन अक्षरं उमटली असणार. त्या नावाची पलटण कुठल्याच सैन्यात नाही.

"पण तिकडच्या माणसाला कळेल की," मी चाचरत म्हणालो.

"शहाना आसंल तर वळखंल. शहान्याच्या भरवशावर लगीन सोडायचं?"

चाचांनी स्वतः दुरुस्तीचा निरोप पट्टीवर केला. आकडे आले तिथं बोट फिरवून बघितलं, मगच पट्टी यंत्राला लावली. साहेबांनी विचारलं, "चूक कुणाची?" चाचा म्हणाले, "हापिसची." साहेब गेल्यावर मात्र माझ्याकडं वळले. "साहेबाला न्हाई सांगितलं. पन त्या बापाला तू सांगायचंस."

आणि बाप आलेच, अकराच्या सुमाराला, मुलाचं काही उत्तर आलं का विचारायला. मी खिडकीत उभा राहिलो. पेढे, पदवी, सगळं बाजूला ठेवलं. म्हणालो, "मामा, काल नंबर चुकला. तार आज सकाळी नीट गेली. एक दिवस वाया गेला. चूक माझी."

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "गुरवारी लग्नाला तुमीच या. पोरगं आलं न्हाई, तर मुंडावळ्या तुमास्नी बांधतो."

मागं चाचा खोकल्याचं निमित्त करून हसत होते. मला हसू येत नव्हतं. मामांनाही आलं नव्हतं.

दुपारी दोनला उत्तर आलं. तार पोचली, जवानाच्या हातात दिली. चाचांनी ती छापील पट्टी माझ्या हातात ठेवली, मी ती दोनदा वाचली. पण गाडी मिळणं, ती वेळेवर पोचणं, हे कुठल्या पट्टीवर येतं?

गुरुवारी चाचा मला ओढतच लग्नाला घेऊन गेले. मांडवात वऱ्हाड बसलेलं, नवऱ्याचा पाट रिकामा. दमेकरी आजोबा उशीला टेकून रस्त्याकडं बघत होते. मामा माझ्याकडं न बघता पाणी देऊन गेले. मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. एक एस.टी. आली, दोन बाया उतरल्या. दुसरी न थांबताच गेली. तिसरीतून आधी काळी ट्रंक खाली आली, मग खाकी पॅंट.

चाचा माझ्या मागं येऊन उभे होते. डोळे मिटलेले. "सांग."

"हाय, चाचा," मी ओरडलो. "हाय!"

अक्षता पडल्या. मामांनी मला पंगतीत पहिल्या ओळीत बसवलं आणि वरून चार जिलब्या वाढल्या. "मुंडावळ्या हुकल्या तुमच्या, साहेब," म्हणाले. आता कुठं मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले.

चाचा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. हातभर पट्टी माझ्या खिशात कोंबली. "बोटानं वाच. डोळ्यानं वाचलीस तर तू कसला रं गॅज्वेट?"

मला तेव्हा जमलं नाही. डोळ्यांनी वाचायचं नाही म्हणून मी ती वहीत ठेवून दिली. चाचा गेल्याचं कळलं, त्या दिवशी काढली. डोळे मिटले आणि अंगठा-तर्जनीत धरून हळूहळू ओढली. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा लागत गेलं. आधी 'मिरज', मग त्यांच्या गल्लीचं नाव. मग बोटाला दोन भोकं लागली, मधे रिकामी जागा, पुन्हा दोन भोकं. आकड्यांची कळ. बोट तिथं थांबलं.

त्यापुढं त्यांच्या घराचा नंबर होता.